कितीबाई आणि सातशे नव्वद माणसांचे कान

माझी चूक होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कुणीतरी म्हणायचं, म्हाताऱ्याने स्वतःचं झाकून ठेवलं आणि दुसऱ्यांची उणीदुणी काढत बसला.

मी कान तपासतो. एकतीस वर्षं झाली. आमची कंपनी कानाची मशीन बनवते. तिच्या एका शाखेत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, माझी खोली आहे. भिंतींना गालिचा चिकटवलेला, दाराच्या फटीला रबर, आत दोन खुर्च्या समोरासमोर. समोरच्या खुर्चीत माणूस बसतो, मी हेडफोनमधून त्याच्या कानात शिट्ट्या सोडतो, ऐकू आली की तो बोट वर करतो. उजव्या कानाचं मी कागदावर लाल पेनाने लिहितो, डाव्याचं निळ्याने. कागदावर माझ्या हातून एकदाही चूक झालेली नाही.

मग सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला. पडद्यावर दोन चौकटी, डावीकडे ‘डावा’, उजवीकडे ‘उजवा’. आता माणूस माझ्या समोर तोंड करून बसलेला. त्याचा उजवा कान माझ्या डाव्या हाताला. मी आपला डाव्या हाताला जे दिसतं ते डाव्या चौकटीत भरत गेलो. सहा वर्षं. चौकटीवरची अक्षरं वाचता येत नव्हती का, असं कुणी विचारेल. येत होती. हाताला सवय लागली की तो डोक्याला विचारत बसत नाही. आणि कुणाला कळलंही नाही, कारण मशीन जुळवताना मी कागदच समोर घ्यायचो. कॉम्प्युटरमधल्या नोंदीकडे ढुंकून बघणारं कुणी नव्हतं.

बघणारी एकच निघाली. एका सोमवारी सकाळी मुख्य ऑफिसातून तिचा फोन आला. “काका, एक विचारू? तुमच्याकडे लोक चांगल्या कानाला मशीन लावून घेतात का?”

मी म्हटलं, “सकाळी सकाळी मीच सापडलो का थट्टा करायला?”

“थट्टा नाही. तुमच्या शाखेत ज्यांनी एकाच कानाचं मशीन घेतलंय, त्यांच्या नोंदी काढून बघितल्या. चारातल्या तिघांनी चांगल्या कानाचं घेतलंय. चौथ्याने बिघडलेल्या.”

मी फोन कानाला धरूनच खुर्चीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. माझ्या डाव्या हाताचा कान मी डाव्या चौकटीत भरत आलो, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं.

तोंडावर तिला सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे कितीबाई. कारण तिच्याकडे काहीही काम घेऊन जा, पहिला प्रश्न तोच. पत्ते बदलायचेत? किती? जुन्या मॉडेलचं नाव बदलायचंय? किती नोंदींत? सांगणाऱ्याने ‘असतील पाच-पंचवीस’ म्हटलं की ती त्याला परत पाठवायची. “पाच की पंचवीस ते ठरवून या.” कंपनीच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये आहेत तो तिच्या ताब्यात होता, आणि ती त्याची अशी राखण करायची, की काही लोकांना ती चक्रम वाटायची. मलाही वाटायची. तिची सासू तर सांगायची, ही दोरीवर कपडे घालताना चिमटे मोजते.

पण ते खूळ कुठून आलं ते तिने मला एकदा सांगितलं होतं. आधी ती एका पार्सल कंपनीत होती. तिथे सहा हजार गिऱ्हाइकांतल्या एकाचा पत्ता बदलायचा होता. पत्ता लिहिला, पण कोणाचा, ही अट लिहायची राहिली. बटण दाबलं आणि सहा हजार माणसं एका घरात राहायला गेली. बॅकअप होता तो तीन आठवड्यांपूर्वीचा. कुणी बघितलं नव्हतं, गप्प बसली असती तर कॉम्प्युटरवर ढकलता आलं असतं. ही उठली आणि मालकाला जाऊन सांगून आली. नोकरी गेली. वर्षभर घरी बसली, नवरा एकटा गोदामात दोन-दोन पाळ्या फोर्कलिफ्ट चालवत होता. तेव्हापासून तिचा नेम ठरला. कुठल्याही नोंदीला हात लावण्याआधी किती नोंदी बदलणार तो आकडा कागदावर लिहायचा. मग बदल कच्चा करायचा. कॉम्प्युटर सांगतो किती बदलल्या. कागदाशी जुळलं तर पक्कं. एकानेही कमी-जास्त झालं तर सगळं मागे.

“एकाने चुकलं तर काय होतं?” मी विचारलं होतं.

“एकाने चुकलं म्हणजे मला जे वाटतंय ते आणि जे आहे ते वेगळं आहे. ते एवढंच असेल कशावरून?”

तेव्हा मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाई हुशार आहे पण जरा अतीच करते.

तर त्या सोमवारी प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. साहेब म्हणजे मुख्य ऑफिसचा व्यवस्थापक, बोलताना घड्याळाकडे बघणारा. घाईचं कारण होतं. पुढच्या सोमवारपासून नवा प्रोग्राम सुरू होणार होता. मशीन सफाईला आलं की त्यात कानाचे आकडे डेटाबेसमधून आपोआप भरले जाणार, कागद बघायचा नाही, माझ्यासारख्याने हाताने काही जुळवायचं नाही. म्हणजे आमच्या शाखेच्या गिऱ्हाइकांना डाव्याचा आवाज उजव्यात आणि उजव्याचा डाव्यात. बहिऱ्या कानाला लागणारा मोठा आवाज चांगल्या कानात रोज बारा तास ओतला, तर तो कानही जातो. हे साहेबांना मी समजावून सांगितलं. सांगताना माझी जीभ अडखळत होती, कारण सोमवारच्या पहिल्याच खेपेत माझ्या बायकोची मशीन होती.

ती माझ्याच शाखेची गिऱ्हाईक. डावा कान जवळपास गेलेला, उजवा बऱ्यापैकी शाबूत. डाव्याला मोठं मशीन, उजव्याला हलकं. त्या उजव्या कानावर आमचं सगळं घर चालतं. स्वयंपाकघरातून मी काही म्हटलं की ती उजवीकडे मान वळवते आणि मला उलट उत्तर देते. तिची नोंद माझ्याच हाताने उलटी झाली होती.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग त्या शाखेच्या सगळ्या नोंदींत डावा-उजवा अदलाबदल करून टाका. पाच मिनिटांचं काम.”

“किती?” कितीबाई म्हणाली.

“सगळ्या म्हटलं ना. अकराशे त्रेचाळीस.”

“सगळ्या चुकलेल्या नाहीत. चारातली एक बरोबर आहे. सगळ्या फिरवल्या तर बरोबर असलेल्या चुकतील.”

त्या बरोबर कशा, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे चार वर्षं दुपारच्या पाळीला एक तपासणारी होती. ती माणसाच्या समोर न बसता शेजारी, खांद्याला खांदा लावून बसायची. म्हणायची, समोर बसलं की लोक माझ्या चेहऱ्यावरून ओळखतात आणि उगाच बोट वर करतात. तिचा उजवा तो उजवाच राहिला. आता कुठली नोंद तिची आणि कुठली माझी, हे कॉम्प्युटरला विचारावं तर तो सगळ्यांवर माझंच नाव दाखवत होता, कारण आम्ही दोघं एकाच पासवर्डने काम करायचो. दुसरा पासवर्ड मागायचा कंटाळा माझाच. ती तर कधीच नोकरी सोडून दूरदेशी गेली होती.

“शनिवारी दुपारी बारापर्यंत मला हे झालेलं पाहिजे,” साहेब म्हणाले. “नाही झालं तर सोमवारपासून या टेबलावर दुसरं कुणीतरी बसेल.”

ते दुसरं कुणीतरी मंगळवारी आलंच. खांद्याला मोठी बॅग, बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचा सल्लागार. सगळ्यांनी त्याला लगेच बॅगवाला करून टाकलं. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडी एकच पालुपद, “होऊन जाईल.” त्याने तासाभरात अदलाबदलीचा प्रोग्राम लिहिला.

कितीबाईने त्याला खऱ्या डेटाबेसला हात लावू दिला नाही. तिने एक नक्कल काढली आणि म्हणाली, “यावर चालव.” चाळीस मिनिटं चालला. तो एकेक नोंद उघडणार, सगळी वाचणार, सगळी परत लिहिणार. खऱ्यावर चालवला असता तर तेवढा वेळ काउंटरवरच्या पोरी रिकाम्या बसल्या असत्या. शेवटी संपला. कितीबाईने पहिली नोंद उघडली. डाव्या कानाचे आणि उजव्या कानाचे आकडे अगदी सारखे. दुसरी उघडली, तिथेही तेच. त्याने आधी डाव्यात उजवा लिहिला आणि मग उजव्यात डावा. पण तोवर डाव्यात डावा उरलाच कुठे होता?

“एका ग्लासात चहा, दुसऱ्यात दूध,” ती म्हणाली, “आणि चहावर दूध ओतलंस. आता चहा कुठून काढशील?”

बॅगवाला कान खाजवत म्हणाला, “तिसरा ग्लास घेतो मग.”

“इथे तोही लागत नाही. दोन्ही एकाच वाक्यात, कॉम्प्युटरला द्यायच्या एकाच हुकमात लिही. आपला डेटाबेस आधी दोन्ही वाचतो, मग दोन्ही लिहितो. आणि सगळ्या नोंदींना मिळून एकच वाक्य. एकेक उघडत बसू नकोस.” तिने नकलेवर स्वतःचं वाक्य चालवलं. दोन सेकंद लागले. मी घड्याळ धरून बसलो होतो. साहेब तिला सदा हळू म्हणायचे, तेव्हा ते दोन सेकंद मी मुद्दाम मोठ्याने मोजले.

“आणि मधेच वीज गेली तर?” तिने विचारलं.

“पुन्हा चालवायचा. होऊन जाईल.”

“पुन्हा चालवलास की फिरलेले परत फिरतील. ज्यांचं सुधारलं होतं त्यांचं बिघडेल. म्हणून फिरवलेल्या नोंदीवर खूण करायची आणि खूण असलेलीला हात लावायचा नाही.” बॅगवाल्याने हे वहीत लिहून घेतलं. त्याला लाज वाटली नाही, याबद्दल मी त्याला पूर्ण मार्क देतो.

पण खरं घोडं पुढे अडलं होतं. कुठल्या फिरवायच्या? त्याला कुठलाही प्रोग्राम उत्तर देणार नव्हता. मी शाखेतून कागदांची खोकी टॅक्सीत घालून आणली, अकरा खोकी. मुख्य ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत टेबलं जोडून आम्ही बसलो. मी लाल-निळं वाचायचो, ती पडद्यावर बघायची. “लाल, चाळीस.” “उलटं.” “लाल, पंचावन्न.” “बरोबर.” प्रत्येक ‘उलटं’ म्हणजे माझ्या थोबाडीत एक. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, “ताई, ‘उलटं’ ऐवजी दुसरा काही शब्द वापर.” म्हणाली, “शब्द बदलून आकडा बदलतो का, काका?” आणि वाचत राहिली. माझा राग आला होता तिला, मला दिसत होतं. पण तिने एकदाही ‘तुम्ही असं कसं केलंत’ म्हटलं नाही.

दोन दिवसांत नऊशे एकतीस कागद झाले. सहाशे चाळीस उलटे, दोनशे एक्याण्णव बरोबर. त्या सहाशे चाळीसांत माझी बायको. उरलेल्या दोनशे बारांचे कागदच नव्हते. छतातला नळ फुटून ते खोकं भिजलं होतं आणि मीच त्याचा लगदा टाकून दिला होता.

साहेब दारातून म्हणाले, “त्या दोनशेंचं अंदाजाने करा. जास्त चुकलेल्या आहेत ना? मग सगळ्या फिरवा.”

“अंदाजाने तुमचा चष्मा बदलू का, साहेब?” ती म्हणाली. साहेब घड्याळाकडे बघत निघून गेले.

मग तिने फोन उचलला. दोनशे बारा लोकांना आम्ही फोन केले. मी, ती आणि काउंटरवरची मुलगी. तिची युक्ती साधी होती. बहिरा माणूस चांगला कान पुढे केल्याशिवाय फोन घेतच नाही. “आजोबा, फोन कुठल्या कानाला लावलाय?” “उजव्या.” “बरं, आता दुसऱ्या कानाला लावा.” आणि मग पलीकडून, “हॅलो? हॅलो? कोण आहे? गेली वाटतं बाई.” एका आजींनी तर माझ्या नावाने शिव्या घातल्या, त्यांना वाटलं मी फसवून काही विकतोय. फोनवरच्या माणसाची सवय वेगळी आणि कान वेगळा असं नको, म्हणून प्रत्येकाला दोन्ही कानांनी ऐकायला लावलं. शुक्रवारी संध्याकाळी यादी तयार झाली. फोनवरचे दीडशे उलटे, पंचावन्न बरोबर. सात जण सापडलेच नाहीत, त्यांच्या नोंदीवर ‘पुन्हा तपासल्याशिवाय मशीन पाठवू नये’ असं लिहिलं.

तिने कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, सातशे नव्वद. खाली सही, तारीख. मग सगळ्यांना बजावलं, “यादी झाली आहे. आता या शाखेची एकही नोंद कुणी उघडायची नाही. उद्या अकरा वाजता फिरवू.”

आणि आता माझी दुसरी चूक. पहिलीत माझं डोकं झोपलं होतं. दुसरी मी शुद्धीवर असताना केली.

शुक्रवारी जाता जाता जिन्यावर साहेब बॅगवाल्याला म्हणत होते, “उद्या तिने घोळ घातला तर तू तुझा चालव आणि संपव.” ते ऐकलं आणि माझी झोप उडाली. चहावर दूध ओतलेलं आठवलं. बायको शेजारी मशीन काढून निवांत झोपली होती. मनात म्हटलं, बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो, आपल्या घरचं तरी नीट करून ठेवू. शनिवारी साडेनऊला मी मुख्य ऑफिसात पोहोचलो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर माझ्या पासवर्डने बायकोची नोंद उघडली, डाव्याचे आकडे उजव्यात, उजव्याचे डाव्यात, कागद समोर ठेवून बरोबर भरले आणि जतन केलं. तीन मिनिटं लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अकरा वाजता आम्ही तिच्या टेबलाभोवती उभे होतो. साहेब, बॅगवाला, काउंटरवरची मुलगी आणि मी. तिने बॅकअप काढला, तो उघडतो की नाही ते उघडून बघितलं. मग वाक्य लिहिलं. यादीतल्याच नोंदी, खूण नसलेल्याच, आणि तिसरी अट, यादी केल्यानंतर जिला कुणी हात लावलेला नाही अशीच. बटण दाबलं.

पडद्यावर आकडा आला. सातशे एकोणनव्वद.

तिने कागदाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि सगळं मागे घेतलं.

“अहो, काय केलंत?” साहेब ओरडले. “एकच तर कमी होती.”

“म्हणूनच. एक नोंद रात्रीतून कुणीतरी बदलली आहे. शोधते.”

“शोधायला वेळ नाही. ती तिसरी अट काढा आणि चालवा. सगळ्या सातशे नव्वद होतील.”

अट काढली की आकडा जुळणार होता. कागदावर सातशे नव्वद, पडद्यावर सातशे नव्वद, सगळे खूश. आणि मी सकाळी नीट केलेली ती एक नोंद पुन्हा फिरून उलटी होणार होती. सोमवारी माझ्या बायकोच्या चांगल्या कानात मोठ्या मशीनचा आवाज सुटला असता आणि कुणी म्हणजे कुणी शोधू शकलं नसतं, कारण आकडा बरोबर होता. आणि हे कळत असूनही मी तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं? निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. आधीच एका चुकीने सगळ्यांसमोर मान खाली गेली होती. मला वाटलं, ही अट काढणार नाहीच, मग मी कशाला बोलू? बाई एकटी लढतेय आणि मी तिच्या पाठीमागे लपलेला.

“अट काढणार नाही,” ती म्हणाली.

“साडेअकरा वाजतायत.”

“वाजू देत. कोणी आणि काय बदललं हे बघितल्याशिवाय मी त्या नोंदीवर काही लिहिणार नाही. तुम्हाला आकडा जुळवून हवाय, मला कान जुळवून हवेत.”

“मग उठा तिथून. हा चालवेल.” त्यांनी बॅगवाल्याला खूण केली. बॅगवाल्याने हात पुढे केला आणि तिने कीबोर्डवर स्वतःचे दोन्ही तळहात पालथे ठेवले.

“खुर्ची घ्यायची तर सोमवारी घ्या. आज शनिवार आहे आणि बारा वाजायचे आहेत. एकदा माझ्या चुकीने माझी नोकरी गेली, मी हूं की चूं केलं नाही. तेव्हा मी चुकले होते. आज तुम्ही चुकताय, साहेब. आज मी उठणार नाही.”

तिचा आवाज चढला नव्हता आणि तळहात कीबोर्डवरून हलले नव्हते. घरी दोन पगारांशिवाय भागत नाही, मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष, हे मला माहीत होतं. त्या पालथ्या हातांकडे बघून माझी मलाच किळस आली.

“ती नोंद मी बदलली,” मी म्हटलं. “माझ्या बायकोची. आज साडेनऊला.”

बॅगवाल्याने हात मागे घेतला.

कितीबाई सावकाश वळली. एवढी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती. “नोंद उघडायची नाही, हे तुमच्यासमोर सांगितलं होतं ना, काका? यांचं ऐकून मी अट काढली असती, तर काकूंचा कान तुम्ही स्वतः घालवला असता. तुम्ही. मी नाही, साहेब नाही.”

“हो.”

“माझ्यावर एवढासुद्धा भरवसा नव्हता?”

“तुझ्यावर होता. यांच्यावर नव्हता,” मी साहेबांकडे बोट दाखवून म्हटलं. दोन वर्षं गेली खड्ड्यात.

“आणखी कुठली बदललीत?”

“एकच.”

तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. बरोबरच केलं. तिने कॉम्प्युटरला विचारलं, त्यानेही एकच सांगितली. मग म्हणाली, “कागद आणा.” मी खाली जेवणाच्या खोलीत गेलो, सातव्या खोक्यातून बायकोचा कागद काढून आणला. तिने लाल आकडे वाचले, निळे वाचले, पडद्यावरची नोंद बघितली. दोनदा. ती नोंद यादीतून काढून तिच्यावर हाताने खूण केली. मग कोऱ्या कागदावर सातशे नव्वद खोडलं, खाली सातशे एकोणनव्वद लिहिलं, कारण लिहिलं, सही केली. बारा वाजून गेले होते. साहेब निघून गेले होते. बॅगवाला मात्र थांबला होता.

बटण दाबलं. सातशे एकोणनव्वद. तिने वीस नोंदी कागदाशी ताडून बघितल्या आणि मगच पक्कं केलं. बारा पस्तीस झाले होते.

सोमवारी मशीनं गेली, बायकोचीही गेली. चार दिवसांनी परत आली. ती ऐकते तशीच ऐकते आणि उलट उत्तरंही तशीच देते. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण कितीबाईला मेमो मिळाला. ‘वरिष्ठांची स्पष्ट सूचना धुडकावून केवळ एका नोंदीसाठी कंपनीचं काम पस्तीस मिनिटं रोखून धरलं. लेखी खुलासा करावा. निर्णय होईपर्यंत टेबलाचा ताबा सल्लागाराकडे द्यावा.’ बॅगवाला तिच्याजवळ आला आणि म्हणाला, “ताई, मला ताबा नको. मी स्टूल घेतो, तुम्ही खुर्चीतच बसा.” आणि खरंच स्टूल आणून शेजारी वही काढून बसला.

खुलासा तिने त्याच मेमोच्या खाली लिहिला. लोक सांगत होते, दिलगिरीचं एखादं वाक्य घाल, साहेब निवळतील. मी कागद घेऊन वाचला. तिने एवढंच लिहिलं होतं, ‘होय. एका नोंदीसाठी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा रोखेन.’

मी तिच्याकडे पेन मागितलं. ती म्हणाली, “काका, तुम्ही कशाला? तुमची दोन वर्षं राहिलीत.” मी पेन तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिच्या सहीखाली लिहिलं, ‘ती एक नोंद माझ्या बायकोची. चूक माझी होती आणि बाईंनी ती अट काढली असती तर माझ्या बायकोचा उजवा कान आज गेला असता.’ खाली माझी सही केली, आणि साहेबांच्या टेबलावर तो कागद मीच नेऊन ठेवला.